खिंडीच्या अलीकडे

पौर्णिमाचा मेसेज आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होते. ‘मावशी, लग्नात दाखवायला आईच्या जुन्या फोटोंचा व्हिडिओ करतेय. तुमच्या लग्नातले तिचे फोटो असतीलच. अल्बम शोधाल का प्लीज?’ पुढे दोन हसरे चेहरे. मी मेसेज दोनदा वाचला आणि तेवढ्यात कूलर भरून वाहायला लागला. वर्ध्यात मेच्या पहिल्या आठवड्यात पाणी वाया घालवणं म्हणजे गुन्हाच, त्यात मी पोरांना पाण्याच्या बचतीवर निबंध लिहायला लावणारी शाळेतली बाई. आतून आमच्या ह्यांनी आवाज दिला, “छाया, अंगणात तळं करून राह्यली काय?” मी नळ बंद केला, पदर खोचला आणि पायरीवर बसले. पायरी चांगलीच तापली होती, तरी उठवेना. पौर्णिमा एकोणतीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते, सध्या सुट्टी घेऊन घरी आली आहे, येत्या सोळा तारखेला तिचं लग्न आहे, आणि तिच्या लेखी गोष्ट अगदी साधी आहे: कांताची, म्हणजे तिच्या आईची, सगळ्यात जुनी मैत्रीण मी, माझं लग्न, म्हणजे आई तिथं असणार, म्हणजे फोटोतही असणार. पोरीचं काही चुकलेलं नाही. कांता होती तिथं, तिन्ही दिवस होती. पण माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये अडुसष्ट फोटो आहेत आणि त्यातल्या एकातही कांता नाही.

कांता आणि मी सेलूच्या शाळेत पहिलीपासून एका तरटपट्टीवर बसलो. ती उंच, काळीसावळी, चालायला अशी तरतरीत की तिच्यासोबत शाळेत जायचं तर मला अर्धं अंतर पळावं लागायचं. माझ्या डब्यातलं झुणका-भाकर ती खायची, तिच्या डब्यातली आंबाडीची भाजी मी. घरी मात्र ती यायची ती ओसरीपर्यंत. हाक मारायची, खांबाला टेकून उभी राहायची, मी दप्तर घेऊन आले की निघायची. मला वाटायचं, ही लाजाळू आहे. कांता आणि लाजाळू! सातवीत बोरधरणला सहल गेली तेव्हा गुरुजींच्या आधी टेकडीवर चढून बसलेली पोरगी ती. वर वारा होता, खाली धरणाचं पाणी चकाकत होतं, आणि गुरुजी धापा टाकत सांगत होते की ही कसली टेकडी, हिमालयात असे पहाड आहेत की तिथं उन्हाळ्यातसुद्धा बर्फ राहतो. आम्ही दोघी फिदीफिदी हसलो. उन्हाळ्यात बर्फ फक्त बसस्टँडच्या गोळेवाल्याकडे असतो एवढं आम्हाला पक्कं माहीत होतं. कांता म्हणाली, “आपण जाऊ एक दिवस पाहाले.” मी म्हटलं, “जाऊ.” त्या वयात ‘जाऊ’ म्हणायला काय लागतं? पुढे कॉलेजला सेलू-वर्धा एसटीचा पास, एका सीटवर तिघी, खिडकीशी नेहमी कांता. मग मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले आणि ती परीक्षा देऊन पंचायत समितीत, आता विस्तार अधिकारी आहे. दोघी वर्ध्यातच, दोन गल्ल्या सोडून. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. नवऱ्यांपेक्षा जास्त एकमेकींशी बोललो असू.

आणि गेल्या वर्षी खरंच गेलो. कांतानं एका रविवारी चहा पिता पिता सांगून टाकलं की तिनं हिमाचलातल्या एका ट्रेकची माहिती काढली आहे, सहा दिवसांचा, चौथ्या दिवशी एक खिंड ओलांडायची, पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. चौपन्नाव्या वर्षी तिचे गुडघे माझ्या चाळिशीतल्या गुडघ्यांपेक्षा बरे होते. तारीख मात्र मी ठरवली, आणि तिथंच आम्हा वर्धेकरांची खोट आहे. ट्रेकवाल्यांचा माणूस फोनवर म्हणत होता, “मैडम, इस साल बर्फ ज्यादा है, जून में आइए.” मी त्याला शिकवलं. एक मेला निकाल लागला की मी मोकळी, वीसपासून आमचं प्रशिक्षण, तेव्हा मेचा पहिलाच गट पाहिजे. आणि मेमध्ये कसला हो बर्फ? आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, विहिरीचा तळ दिसतो, जमिनीला भेगा पडतात, कडुलिंबाखाली कुत्रे जिभा काढून पडतात. उन्हाळा म्हणजे सगळं सुकून, उघडं पडून जाणं, हेच आयुष्यभर पाहिलेलं. हिमालयानं तरी वेगळं काय करावं, अशी माझी समजूत. कांता म्हणाली, “पाह्य बरं, तो तिथंच राह्यते, त्याले जास्त समजत असन.” मी म्हटलं, “तू काऊन घाबरून राह्यली? मी हाय न.” सेवाग्राम स्टेशनवर गाडीत बसलो तेव्हा अंगाची लाही लाही होत होती. लू लागू नये म्हणून पर्समध्ये दोघींसाठी दोन कांदे ठेवले होते मी. ते कांदे दिल्लीपर्यंत आले, पुढे बसनं रात्रभर डोंगर चढले आणि शेवटी थंडीत कुडकुडत तंबूपर्यंतही आले. ते पाहून कांता इतकी हसली की तिला ठसका लागला.

पहिले तीन दिवस मला आजही पावलापावलानं आठवतात. देवदाराच्या सावलीतली ओल, पायाखाली मऊ सडलेली पानं, कुठंतरी सतत पाण्याचा आवाज आणि पाणी मात्र दिसत नाही. आमच्या गटात अकरा जण, बाकी सगळी पुण्या-बंगळूरची पोरं-पोरी, आम्हाला आंटी म्हणणारी. कांता त्यांच्या पुढे चालायची. मी सगळ्यांच्या मागे, माझ्या मागे फक्त सामान लादलेलं खेचर. चढ लागला की ती एखाद्या दगडावर बसून माझी वाट पाहायची, मी पोचले की उठायची, त्यामुळे तिचा आराम व्हायचा आणि माझा कधीच नाही. मी चिडले तर म्हणायची, “तू शाळेत जाताना बी असीच येत होती, रेंगाळत.” संध्याकाळी तंबूच्या तोंडाशी ब्लँकेट घेऊन बसलो की सेलू निघायचं. कोणाच्या चिंचा तोडायचो, कोणाच्या म्हशीनं मास्तरांना लोळवलं होतं, कोणती पोरगी आता कुठं आहे. वर्ध्यात इतकी वर्षं भेटत होतो, पण तिथं भेटणं म्हणजे बदल्या, औषधं, पोरांची लग्नं. तिथं वर आम्ही पुन्हा बारा-तेरा वर्षांच्या झालो होतो. आणि तशा झाल्यामुळेच की काय, मला एकेक गोष्ट नको तितकी स्वच्छ आठवायला लागली. तिच्या तोंडून सेलूचं नाव निघालं की आमच्या ओसरीचा खांब दिसायचा आणि त्याला टेकलेली ती. मी विषय बदलायची. ती बदलू द्यायची.

तिसऱ्या दिवशी झाडं संपली आणि सावलीच्या कडांना पहिला बर्फ दिसला. मळका होता, सिंदीच्या जिनिंगबाहेर सांडलेल्या कापसासारखा. मी हात लावला, कांतानं तर चाखून पाहिला. चौथ्या दिवशी सकाळी तंबूबाहेर आलो तर वर सगळं पांढरं. रस्ता नावाची वस्तू नव्हती. समोर दोन काळ्या कड्यांच्या मध्ये एक खाच दिसत होती, तीच खिंड, वाटावं की डबा खायच्या सुट्टीत जाऊन यावं इतकी जवळ. गाइड आणि त्याचे दोन साथीदार दोर घेऊन पाहायला गेले आणि आम्हाला सांगून गेले की इथंच थांबा, लांब जाऊ नका आणि चश्मा मत उतारना. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि मनात म्हटलं, चष्मा कशाला? ऊन आहे कुठं? आभाळ पांढुरकं, सूर्याचा पत्ता नाही, नाक गोठलेलं. वर्ध्यात मी स्कूटीवर जाते तेव्हा डोक्याला, तोंडाला, कानाला ओढणी आणि डोळ्याला गॉगल, दरोडेखोर दिसते अगदी. ऊन काय चीज आहे ते आम्हाला कोणी शिकवू नये. ऊन कातडीला कळतं. कातडी थंड तर ऊन नाही. इतका सरळ कारभार. कांतानं गॉगल घातला होता, तिला सांगितलेलं ऐकायची सवय आहे. मीच म्हटलं, “काढ तो. ऊन नाई न काई नाई. फोटोत तुहं तोंडच दिसून नाई राह्यलं.”

त्रेचाळीस फोटो काढले मी तिचे. अजून आहेत फोनमध्ये. कांता बर्फात बसलेली, कांता काठी उगारून, कांता बर्फाचा गोळा हातात घेऊन गोळेवाल्याची नक्कल करताना, कांता खिंडीकडे बोट दाखवताना. नऊपासून बारापर्यंत मी तिला उभी कर, बसव, वळव. ती म्हणाली, “पुरे वं, तुहा बी काढू दे एखादा.” मी फोन दिला नाही. “नाई. आज फक्त तुह्ये.” ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. डोळे बारीक केलेले, त्या पांढऱ्यात पाणी आलेलं. तो फोटोही आहे. मला इतकी घाई कसली झाली होती ते मला माहीत होतं. आणि तिला माहीत असेल अशी शंकासुद्धा माझ्या मनाला शिवली नव्हती. इतकी कशी मी ढ.

त्र्याण्णव सालचा मे होता. सेलूला आमच्या अंगणात मांडव, मी पाटावर, अंगाला पिवळं पातळ. बायका एकेक करून यायच्या, आंब्याच्या पानानं हळद लावायच्या, कपाळ, गाल, हात, गुडघे. हळदीची वाटी देवकाबाईंच्या हातात होती, म्हणजे माझ्या मोठ्या आईच्या, वडलांच्या थोरल्या भावाची बायको. घरात शब्द तिचाच चालायचा. मैत्रिणींची पाळी आली. एक लावून गेली, दुसरी लावून गेली, तिसरी कांता. ती नवीन आकाशी साडी नेसली होती, पहिल्या पगाराची. ती वाकली, हात पुढे केला आणि मोठ्या आईनं वाटी पाठीमागे नेली. ओढून वगैरे नाही, सहज, जसं तापलेल्या तव्याजवळून लेकराला बाजूला घ्यावं. आणि तोंडभर हसून म्हणाली, “थांब वं बाई. तू शिकलेली पोरगी हायस, तुले कॅमेरा समजते. हयद काय कोनी बी लावते. तू फोटू काढ.” माझ्या भावाचा कॅमेरा तिच्या हातात दिला. बायका म्हणाल्या, हो हो, कांतानंच काढावे. केवढा मान! कांताचा हात अजून पुढेच होता, त्या हातात कॅमेरा आला. मी पाहिलं. वाटी मागे जाताना पाहिली, मोठ्या आईचे डोळे पाहिले, तिचं हसू कुठपर्यंत पोचलं आणि कुठं थांबलं ते पाहिलं. मी तेवीस वर्षांची होते, शाळेत पोरांना समता शिकवत होते. मी म्हणू शकले असते, मोठी आई, वाटी दे तिला. पाच शब्द. मांडव कोसळला नसता. कांतानं कॅमेरा डोळ्याला लावला, म्हणाली, “छाया, इकडं पाह्य,” आणि मी हसले.

तो फोटो अल्बममध्ये चौथ्या पानावर आहे. सगळ्यांत चांगला आला आहे माझा. पुढे तिन्ही दिवस तीच काढत होती, दोन रीळं संपवली. मंगलाष्टकं, सप्तपदी, पंगत, पाठवणी. पाहुणे अजून म्हणतात, किती छान काढलेत, कोणता फोटोग्राफर? कांता पंगतीला बसली की नाही, कुठं बसली, कोणी वाढलं, हे मी आजवर तिला विचारलेलं नाही. मोठी आई जाऊनही बारा वर्षं झाली, तिच्यावर ढकलायचीही सोय राहिली नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्यावर मी कधी रागावलेच नव्हते. तिनं तेच केलं जे तिला शिकवलं होतं. मी मात्र शिकवलेलं सगळं विसरून हसले, आणि तेही किती छान.

बाराला गाइड परत आला, कमरेपर्यंत भिजलेला. बर्फ भुसभुशीत, माणूस रुतून जातो, अजून पंधरा दिवस तरी खिंड उघडायची नाही. “कल सुबह नीचे.” पोरं हुज्जत घालायला लागली. कांता खिंडीकडे तोंड करून उभी राहिली, आणि म्हणाली, “दिसते तं इतकी जवळ.” मला रडू आलं. जूनमध्ये आलो असतो तर ती पलीकडे असती. तारीख माझी, अक्कल माझी. मी म्हटलं, “पुढच्या वर्षी येऊ,” आणि तिनं नुसतं “हं” केलं. चार वाजता तिला डोळ्यांत कोणी वाळू टाकल्यासारखं व्हायला लागलं. साडेपाचला डोळे उघडेनात, गालावरून पाणी वाहायला लागलं, पापण्या सुजल्या. मी घाबरून गाइडला बोलावलं. त्यानं एका नजरेत ओळखलं. “चश्मा उतारा था?” बर्फावरचं ऊन दिसत नाही, म्हणाला, ढगातूनही भाजतं, खालून वर येतं. दोन-तीन दिवसांत बरं होईल, घाबरू नका, ओला रुमाल बांधा, उजेड दाखवू नका. त्याच्यासमोर मला वर तोंड करवेना. तंबूत आले आणि शहाण्यासारखं काय केलं असेल, तर तो वर्ध्याचा कांदा चिरला. डोळ्यांची आग म्हणजे ऊन लागलं, ऊन लागलं म्हणजे तळपायाला कांदा चोळायचा, ह्यापलीकडे माझी वैद्यकी जात नाही. कांताचे पाय बर्फासारखे गार होते आणि मी त्यांना कांदा चोळत होते. ती डोळे बांधलेल्या अवस्थेत म्हणाली, “मले काय भजे करून राह्यली काय तू?” आणि हसताना तिला दुखलं, म्हणून गप्प झाली.

सात वाजले असतील. बाहेर अजून उजेड होता, तंबूचं कापड आतून नारिंगी दिसत होतं. ती पडून होती, डोळ्यांवर माझा रुमाल. मी तिच्या उशाशी. मला वाटत होतं, हे सगळं त्या त्रेचाळीस फोटोंमुळे झालं, आणि ते फोटो मी काढले ते त्या अडुसष्टांमुळे. एका बाजूनं न घातलेला घास दुसऱ्या बाजूनं जबरदस्तीनं भरवायला गेले आणि बाईचे डोळे घालवले. तिचे डोळे झाकलेले होते म्हणून माझं तोंड उघडलं, हेही खरं. मी म्हटलं, “कांता, माह्या हळदीले मोठ्या आईनं तुह्या हातात कॅमेरा देल्ला न, तो काऊन देल्ला ते मले माहीत होतं. वाटी मागं नेली, ते मी पाह्यलं. पाह्यलं न मी हासली. तुह्याच कॅमेऱ्यात पाहून हासली.” इतकंच बोलले. बाहेर कोणीतरी सूप तयार असल्याची हाक देत होतं. कांताचा श्वास एकसारखा चालला होता. मी वाट पाहिली. मग हळूच म्हटलं, “झोपली काय वं?” उत्तर नाही. माझ्या मनात तेव्हा काय आलं असेल? सुटले, असं आलं. मला त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो. तिच्या डोळ्यांवर दुहेरी रुमाल, त्यावर गॉगल आणि माझ्या खांद्यावर तिचा हात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पुढे आणि ती मागे. “काय दिसते ते सांग,” ती म्हणाली. मी सांगत गेले: आता बर्फ संपला, आता लाल फुलांची झुडपं, आता एक पूल आहे, तीन लाकडं टाकलेली, थांब, पाय इथं ठेव. मी दमून गप्प झाले की खांद्यावर बोटं रुतायची. “थांबू नको. सांगत राह्य.” दोन दिवस मी तिला सगळा पहाड सांगितला, आणि मधल्या कोणत्याही वळणावर मी पुन्हा ते बोलू शकले असते. तिसऱ्या दिवशी खाली गावात तिनं रुमाल काढला, लाल डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तू काळी पडली वं.” गाडीत ती वरच्या बर्थवर सेवाग्रामपर्यंत झोपून आली.

तेव्हापासून वर्ष झालं. कांता होती तशीच आहे, आणि तेच मला छळतं. ऑक्टोबरमध्ये दरवर्षीसारखी नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली, दरवर्षीसारखं माझ्यासाठी एक पुस्तक आणलं. दिवाळीला फराळाला आली, माझ्या चकल्या कडक झाल्या म्हणून चारचौघांत नावं ठेवली. लोणचं पाठवलं. पौर्णिमाचं जमलं तेव्हा पहिला फोन मला. मी प्रत्येक गोष्ट उलटीसुलटी करून पाहते. पुस्तक देताना ती जरा थांबली होती का? फोनवर ‘तू तं आपलीच हाय’ म्हणाली, त्यात काही होतं का? ऐकलं असेल तर एक शब्द नाही, असं कसं? आणि ऐकलं नसेल, तर मला पुन्हा सांगावं लागेल, आणि यावेळी नारिंगी उजेड नसेल, वर्ध्याचं लख्ख ऊन असेल. सांगितल्यावर ती उठून गेली तर? अठ्ठेचाळीस वर्षांत मला दुसरी मैत्रीण करता आली नाही. मी मरेपर्यंत हे असंच दाबून ठेवलं असतं, मी मला ओळखते. पण पोरीनं फोटो मागितले होते. ‘नाहीत’ म्हटलं तर ती ‘का’ विचारणार, आणि तिला मी थाप मारली तर ती थाप लग्नाच्या मांडवापर्यंत माझ्यासोबत चालत जाणार.

मी अल्बम पिशवीत घातला, ओढणी-गॉगल चढवला आणि भर दुपारी दोन गल्ल्या चालत गेले. कांताच्या बैठकीत पडदे ओढलेले, कूलर घरघरत होता. ती जमिनीवर बसून, वाचायचा चष्मा लावून पत्रिकांवर नावं घालत होती. पौर्णिमा लॅपटॉप घेऊन दिवाणावर. “एवढ्या उन्हात आली? डोकं फिरलं काय तुहं?” कांता म्हणाली. पौर्णिमानं अल्बम जवळजवळ हिसकावूनच घेतला. एकेक पान उलटत गेली. आधी भरभर, मग हळू. चौथ्या पानावर म्हणाली, “मावशी, किती सुंदर दिसता!” मग शेवटपर्यंत गेली, पुन्हा सुरुवातीला आली. “आई कुठंय?” “फोटो मीच काढले न,” कांता मान वर न करता म्हणाली. “तरी एक पण नाही? कोणी म्हटलं नाही, तुझा एक काढू दे?” कांतानं पेनाचं टोपण लावलं. “जाय, मावशीसाठी पन्हं कर. जास्त गोड नको करू.” पौर्णिमा आम्हा दोघींकडे पाहत आत गेली.

मी खाली तिच्यासमोर बसले.  “कांता, त्या दिवशी तंबूत मी काही बोलली होती.”

“हो.”

“तू झोपली नव्हती?”

“डोळे इतके जळून राह्यलते, झोप कुठून येईन? सगळं ऐकलं.”

“मग बोलली काऊन नाई? वर्ष झालं.”

तिनं हातातली पत्रिका बाजूला ठेवली. “मी काऊन बोलू? माह्ये डोळे बांधून होते तेव्हा बोलली तू. तिसऱ्या दिवशी उघडले. तेव्हापासून मी वाट पाहून राह्यली.” आवाज चढलेला नव्हता, पत्ता सांगावा तसा होता. “आन् मले काय तंबूत समजलं असं वाटते तुले? त्या दिवशीच समजलं. कॅमेऱ्यातून लय साफ दिसते, छाया. वाटी बी दिसली न तू बी दिसली.”

मी म्हटलं, “मग तरी मैत्री काऊन ठेवली?”

“ते माहं मी पाहीन,” ती म्हणाली. “तुहं तू पाह्य.”

पौर्णिमा ट्रेमध्ये तीन ग्लास घेऊन आली आणि दारातच थांबली. माझे डोळे पुसायचे राहिले होते. “काय झालं?”

“बस इथं,” कांता म्हणाली. “तू विचारत होती न, माहा फोटो काऊन नाई. मावशी सांगते.”

पौर्णिमा बसली. मी पदरानं तोंड पुसलं, अल्बम जवळ ओढला, पान शोधण्यात थोडा वेळ काढला, मग पौर्णिमाकडे वळून म्हटलं, “त्याचं असं झालं बेटा, की माझ्या हळदीच्या दिवशी—”

“तिकडं नाई,” कांता म्हणाली. “इकडं पाहून सांग.”

मी मान वळवली. ती चष्मा काढून, माझ्याकडे पाहत बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.